पुढच्या रांगेतलं बी

चौकातल्या बियाण्यांच्या दुकानाच्या मालकाला सगळे ‘सल्लागार’ म्हणत. हे नाव आपल्याला लोकांनी आदराने दिलं आहे, अशी त्याची समजूत होती. खरं तर ते शेजारच्या शिंप्याने ठेवलं होतं, आणि ठेवताना तोंडातल्या टाचण्या बाजूला काढून तो पोटभर हसला होता. पण नाव चिकटलं. सल्लागाराला ते इतकं आवडलं की फोन उचलल्यावरही तो ‘सल्लागार बोलतोय’ असंच म्हणायला लागला.

दुकान त्याच्या बापाच्या काळात खिळे-बिजागऱ्यांचं होतं. बापाने एका कोपऱ्यात फुलांच्या बियांची पाकिटं ठेवून पाहिली, ती खपली, आणि हळूहळू खिळे मागे सरून बिया पुढे आल्या. माल बदलला, पण माल विकायची रीत खिळ्यांचीच राहिली. आधी आलेला माल आधी बाहेर. नवी पाकिटं आली की ती कपाटात मागच्या रांगेत लावायची आणि जुनी पुढे ओढायची. खिळ्यांच्या बाबतीत या नियमाला कोणी नावं ठेवणार नाही. बियांच्याही बाबतीत ठेवणार नाही, जर माल हंगामाच्या हंगामाला संपत असेल तर. पण सल्लागाराला माल मागवायचा सोस फार. कंपनीचा माणूस आला की मान डोलवत तो दुप्पट माल सांगायचा. त्यामुळे कपाटात कायमच काही वर्षांचा साठा असायचा, आणि ताजं बी मागच्या रांगेत बसून म्हातारं व्हायची वाट बघायचं. पुरेसं म्हातारं झालं की मग ते विकायला पात्र ठरायचं.

पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यात कंपनीने पेरणीची मुदत छापलेली असे. दुकानाचं लेबल सल्लागार नेमकं तिथेच चिकटवायचा. लपवण्यासाठी नव्हे, असं तो स्वतःला सांगत असे. वर फुलाचं चित्र, मधे फुलाचं नाव, मग लेबल लावायचं कुठे? बापही तिथेच लावायचा.

गिऱ्हाईक दुकानात शिरलं आणि “काका, मी पहिल्यांदाच लावतोय, काहीतरी सोपं द्या” असं म्हणालं की सल्लागाराची कळी खुलायची. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, तेरडा, ही चार नावं तो अशी घ्यायचा, जणू त्याच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी होते ते.

“डोळे झाकून टाका. मातीत पडलं की उगवलंच. याला काही अक्कल लागत नाही.”

आणि काही दिवसांनी तेच गिऱ्हाईक चेहरा पाडून परत यायचं. समोरच्या चौकात उभा राहणारा वाहतूक पोलीस तर दर हंगामाला यायचा.

“काका, झिनिया आला नाही हो.”

“पाणी किती घातलंत?”

“रोज. सकाळ-संध्याकाळ.”

“बुडवलंत! बी म्हणजे काय मासा आहे?”

पोलीस दुसरं पाकीट घेऊन जायचा आणि पुन्हा यायचा.

“या वेळी बेतानं घातलं काका. तरी नाही.”

“किती बेतानं?”

“एक दिवसाआड.”

“वाळवलंत!”

“मग याच्या मधलं काही असतं का?”

“असतं ना. ते हातात असतं. हाताला गुण लागतो, साहेब.”

ज्या हाताने तो चौकातल्या मोटारी थांबवायचा, त्या हाताकडे बघत पोलीस बाहेर पडायचा. जाताना आणखी एक पाकीट, एक खताची पिशवी आणि एक बारीक भोकांची झारी घेऊन. उगवलेल्या झाडाला पुन्हा दुकानात यायचं काही कारण नसतं. सल्लागाराचं निम्मं दुकान न उगवलेल्या झाडांवर चाललं होतं. एखाद-दुसरं बी उगवायचंही, आणि तेवढ्याने सल्लागाराचा मुद्दा सिद्ध व्हायचा: बी चांगलंच होतं, माणूस कमी पडला.

या सगळ्यात एक बारीकशी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. सल्लागाराने जन्मात स्वतः एकही बी पेरलेलं नव्हतं. गरजच पडली नाही. डॉक्टर कुठे सगळी औषधं स्वतः घेतो, असं तो मनाशी म्हणे.

त्याच्या आयुष्यातला मानाचा दिवस म्हणजे पुष्पप्रेमी मंडळाचं वार्षिक प्रदर्शन. वाचनालयाच्या सभागृहात ते भरायचं, आणि सल्लागार त्याचा मुख्य परीक्षक असायचा. व्यासपीठावर हातांची खुर्ची, छातीवर बिल्ला, हातात लाकडी पाटी आणि मागे कागद-पेन्सिल घेतलेला एक कार्यकर्ता. शाळेत शेवटच्या परीक्षेला दोनदा आपटलेल्या माणसाला त्या दिवशी मुख्याध्यापिकासुद्धा ‘सर’ म्हणायच्या. तो एक दिवस त्याला उरलेल्या वर्षभर पुरायचा. प्रदर्शन जवळ आलं की तो कोटाची बटणं तपासायला शिंप्याकडे जायचा. “बटणं आहेत हो जागेवर,” शिंपी म्हणायचा, “पोट सरकलंय.”

त्या वर्षी मंडळाला नवीन सचिव मिळाल्या. इस्पितळात मेट्रन म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या बाई. त्यांना सगळे मेट्रनबाई म्हणत, आणि म्हणताना नकळत सरळ उभे राहत. हंगामाच्या सुरुवातीच्या सभेत त्यांनी टेबलावर हात ठेवून सांगितलं, “यंदा नवशिक्यांचं वेगळं टेबल. ज्यांनी आयुष्यात कधी बी पेरलं नाही, किंवा पेरलं पण कधी फूल आलं नाही, त्यांनी पेरायचं. आणि टेबलाच्या सुरुवातीला मुख्य परीक्षकांच्या तीन कुंड्या. बियांपासून, स्वतःच्या हातानं वाढवलेल्या.”

सल्लागार खुर्चीत सावरून बसला. “मी? अहो बाई, परीक्षकानंच भाग घेतलेला बरा दिसेल का?”

“भाग नाही, नमुना. मी मुलींना पट्टी बांधायला शिकवायचे तेव्हा आधी माझ्याच दंडावर बांधून दाखवायचे.”

“हो, पण दुकान, व्याप…”

“नसेल जमत तर तसं सांगा. शेतकी महाविद्यालयातल्या एक मॅडम परीक्षक म्हणून यायला एका पायावर तयार आहेत. त्या कुंड्याही आणतील.”

सभेतून कोणीतरी म्हणालं, “सल्लागारांना काय अवघड? त्यांनी नुसती कुंडीकडे नजर टाकली तरी उगवेल!” टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की सल्लागाराची मान आपोआप हलायची. आताही ती हलली, आणि मेट्रनबाईंनी तो होकार लिहून घेतला.

घरी येईपर्यंत त्याला कळून चुकलं की गळ्यात काय पडलंय. कुंड्या नाहीत, तर खुर्ची नाही. खुर्ची गेली, तर उरतो तो खिळेवाल्याचा मुलगा. आणि विचारायचं कोणाला? ज्याला सगळे विचारतात, त्याने कोणाला विचारायचं?

दुकानावरच घर होतं आणि घरावर गच्ची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तीन कुंड्या आणि तीन पाकिटं घेऊन वर गेला. पाकिटं अर्थातच पुढच्या रांगेतली. स्वतःसाठी झालं तरी नियम तो नियम. मागचं पाकीट आधी काढायचं म्हणजे बापाच्या फोटोकडे बघायची सोय राहिली नसती. झेंडूचं पाकीट त्याने कात्रीने कापलं, तळहातावर रिकामं केलं आणि त्याचा चेहरा पडला. हातात काळ्या-पिवळ्या काड्या होत्या, केरसुणीतून गळाव्यात तशा.

“लेकाच्यांनी कचरा भरलाय,” तो पुटपुटला. मग झिनियाचं उघडलं. त्यातही कचराच. कॉसमॉसच्या पाकिटातून वाकड्या सुया निघाल्या. तिन्ही पाकिटांत कंपनी फसवणार नाही एवढी त्याची खात्री होती, म्हणून हेच बी असणार असं त्याने ठरवलं. आयुष्य बियांत गेलं, पण पाकिटाबाहेरच्या बीची आणि त्याची ही पहिलीच भेट.

बायको कपडे वाळत घालायला वर आली होती. तिने बघितलं, नवरा मातीत अख्खं बोट खुपसून भोकं पाडतोय.

“अहो, एवढं खोल? पेरताय की विहीर खणताय?”

“तुला त्यातलं काय कळतं? खोल गेलं की मूळ घट्ट धरतं.”

“बरं बाई,” म्हणून तिने चिमटे लावले आणि ती खाली गेली.

सल्लागार रोज पाणी घालायचा आणि रोज सकाळी काडीने माती उकरून बघायचा, बी जिवंत आहे का ते. बी तिथेच असायचं, जसं ठेवलं तसं, आज्ञाधारक. बरेच दिवस गेले. कुंडीत गवताची दोन पाती उगवली. सल्लागार त्यांना झेंडू समजून जपत होता, ती बायकोने उपटली तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं.

“गवत आहे हो ते!”

“तू आधी हात लावू नकोस. आधीच काही येत नाहीये.”

“पाणी जास्त झालं असेल,” बायको म्हणाली. तिचा चेहरा अगदी गंभीर होता.

“मापात घालतोय.”

“मग कमी झालं असेल.”

“सांगितलं ना, मापात.”

“मग काय,” पदर खोचत ती म्हणाली, “हाताला गुण नसेल.”

सल्लागाराने पुन्हा पेरलं. या वेळी उथळ, पाकिटामागच्या सूचना चष्मा लावून वाचून. त्या तो पहिल्यांदाच वाचत होता. त्यात लिहिलेलं बरंचसं, तो आजवर गिऱ्हाइकांना सांगत आला त्याच्या नेमकं उलट होतं. कॉसमॉस नको, तेरडा बघू म्हणून त्याने एक कुंडी बदलली. तेरड्याचा एक कोंब वर आला, सल्लागाराने त्याला खुर्ची टाकून सोबत केली, आणि दुसऱ्या दिवशी तो कोंब आडवा झाला. बाकी कुंड्यांत सामसूम.

शिंप्याला गच्चीवर जाणारी मातीची पोती दिसलीच होती. “काय सल्लागार, उगवलं का काही?”

“उगवतंय.”

“किती दिवस उगवतंय? अहो, गिऱ्हाईक कपडा मागायला आलं की मीही असंच म्हणतो. शिवतोय!”

सल्लागाराला जेवण गोड लागेना. शेतकी महाविद्यालयातल्या मॅडम त्याच्या खुर्चीत बसल्यात आणि त्याचा बिल्ला त्यांच्या पदराला लावलाय, असं त्याला भरदुपारी दिसायचं. शेवटी एक दिवस वाढता वाढता बायको म्हणाली, “बी मेलेलं तर नाही ना?”

“बी मरतं?” सल्लागाराने विचारलं.

हा प्रश्न विचारणारा माणूस बियाण्यांचा दुकानदार होता, हे वाचकाने विसरू नये. खिळा मरत नाही. गंजला तर दिसतो. बी वासही मारत नाही आणि रंगही बदलत नाही, मग ते मेलं हे ओळखायचं कसं?

“कडधान्याला मोड आणतात तसं बघा,” बायको म्हणाली. “ओल्या फडक्यावर पसरा. एका ताटलीत हे पुढचं, एका ताटलीत मागचं. जिवंत असेल ते मोड काढेल.”

मागच्या रांगेत हात घालताना सल्लागाराला खरोखर घाम फुटला. पण खुर्चीचा प्रश्न होता. दोन ताटल्या माजघरात फडताळावर बसल्या, फडकी ओली राहतील असं तो बघत राहिला. काही दिवसांत एका ताटलीतल्या झेंडूच्या काड्यांमधून पांढरे शेपटे निघाले, मागोमाग झिनिया फुटला, मग तेरडाही फुगून उकलला. पुढच्या रांगेच्या ताटलीत बुरशी आली.

सल्लागार दोन्ही ताटल्यांसमोर उभा राहिला. त्याला एकदम हलकं वाटलं. “बघ! माझ्या हाताचा काही दोष नाही. बीच मेलेलं होतं!”

बायकोने पांढरे शेपटे बघितले, मग बुरशी बघितली.

“लग्नानंतर पहिल्या वर्षी मी झिनिया पेरला होता,” ती मग म्हणाली.

“असेल.”

“असेल नाही. होता. याच गच्चीवर. दुकानातलं पाकीट तुम्हीच आणून दिलं होतं.”

“इतकं जुनं काय काढतेस?”

“तुम्हाला आठवत नसेल तर मी सांगते. आला नाही तेव्हा तुम्ही सासूबाईंच्या समोर म्हणालात, तुझ्या हाताला गुण नाही. मी पुन्हा कुंडीला हात लावला नाही. मला वाटायचं, असेल बाई, एकेकाच्या हातात नसतं.”

सल्लागाराने घसा साफ केला. समजूत घालावी म्हणून तो म्हणाला, “अगं, त्या वेळचं बी कदाचित चांगलंही असेल.”

तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो ताटलीच पुसायला लागला.

“आता पुढचा सगळा माल फेकणार ना?” तिने विचारलं.

“फेकणार? कपाट रिकामं दिसेल! तसं सगळंच काही मेलेलं नसतं, एखाद-दुसरं येतं. एवढं प्रदर्शन होऊ दे, मग बघू.”

“आणि तोवर लोक काय पेरणार? धोंडे?”

“होऊ दे म्हटलं ना. बरं ऐक, या वेळी जरा तूच पेरून दे. बायकांचा हात हलका असतो.”

“छे! माझ्या हाताला गुण नाही,” म्हणत ती ताटल्या घासायला घेऊन गेली. त्यानंतर कुंड्या मरोत की जगोत, तिने त्यांना बोट लावलं नाही.

त्यामुळे सगळं सल्लागारालाच करावं लागलं, आणि खरं सांगायचं तर ते त्याने मन लावून केलं. मागच्या रांगेतल्या झेंडूने माती वर उचलली त्या सकाळी तो दुकान उघडायचं विसरला. झिनियाचा शेंडा खुडला तर बाजूने चार फांद्या फुटतात, तेरड्याला दुपारचं ऊन सोसत नाही, झेंडूचं सुकलेलं फूल काढलं की दुसरं लवकर येतं, हे त्याला एकेक करून कळत गेलं. कळलेलं सांगावं असं त्याला फार वाटे, पण सांगणार कोणाला? हे सगळं त्याला पहिल्यापासून माहीत आहे असंच तर लोक धरून चालले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याजवळ खरं ज्ञान आलं होतं, आणि ते नवीन आहे हे सांगायची चोरी होती. ते त्याच्या पोटात दुखायला लागलं.

खाली दुकानात नवशिक्यांची रीघ लागली होती. मेट्रनबाईंनी निम्म्या वस्तीला कामाला लावलं होतं. सल्लागाराचा हात पुढच्या रांगेतच जायचा. हाताला सवय होती, आणि आता सवयीला जोडून एक विचारही होता. बाकीच्या कुंड्या जितक्या रिकाम्या, तितक्या आपल्या तीन उठून दिसणार. हा विचार आला की तो त्याला हाकलायचा, पण फार लांब हाकलायचा नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह भरलं. नवशिक्यांच्या टेबलाच्या सुरुवातीला सल्लागाराच्या तीन कुंड्या होत्या: केशरी गोंड्यांनी लगडलेला झेंडू, तळहाताएवढी फुलं आलेला झिनिया आणि गुलाबी तेरडा. त्यापुढे टेबलाच्या टोकापर्यंत माती. नुसत्या मातीच्या कुंड्या, कुठे कुठे एखादं खुरटं रोप, आणि प्रत्येक कुंडीत काडी रोवून तिला अडकवलेलं रिकामं पाकीट, काय पेरलं होतं ते कळावं म्हणून. मेट्रनबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, उगवलं नाही तरी कुंडी घेऊन या. पेशंट पाहिल्याशिवाय रोग कसा कळणार?

सल्लागार बिल्ला लावून टेबलाजवळून फिरला. एकेका कुंडीपाशी थांबून त्याने निदान केलं. “ऊन कमी.” “ऊन जास्त.” “कुंडी लहान पडली.” “तुम्ही घाई केलीत.” एका बाईंना तो म्हणाला, “तुम्ही पेरताना चिडलेल्या होता का?” शिंप्याच्या कुंडीतही काही नव्हतं. “तुम्ही बोलता फार,” सल्लागाराने निदान केलं.

मग तो व्यासपीठावर चढला, खुर्चीत बसला, आणि मेट्रनबाईंनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. दोन शब्द! पोटात साठलेलं सगळं वर आलं.

“मित्रहो, बी जिवंत असतं,” त्याने सुरुवात केली. लोकांनी माना डोलावल्या. “आणि जे जिवंत असतं ते मरतंही. खिळ्यासारखं नाही ते. म्हणून पेरण्याआधी परीक्षा घ्या. ओल्या फडक्यावर थोडं बी पसरा. निम्म्याहून कमी फुटलं तर समजा, बी म्हातारं झालं. ते दुकानदाराच्या तोंडावर मारा!”

कडाडून टाळ्या झाल्या. सल्लागाराचे डोळे चमकायला लागले. बायको मागच्या ओळीत बसली होती. तिने हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरली.

वाहतूक पोलीस उठून उभा राहिला. “सर, पण फडक्याची भानगड नको असेल तर? नुसतं बघून कळत नाही का बी किती जुनं आहे ते?”

“का नाही कळत?” सल्लागार खुर्चीवरून अर्धा उठला. कोणीतरी प्रश्न विचारावा आणि त्याचं उत्तर खरोखर आपल्याला माहीत असावं, हे सुख त्याला नवीन होतं. “कंपनी पाकिटावर मुदत छापते! आपण वाचत नाही, ही आपली चूक. चित्र बघतो आणि घेतो. खालच्या उजव्या कोपऱ्यात बघा.”

समोरच्या पोलिसाने आपल्या कुंडीतलं पाकीट काडीवरून काढलं आणि डोळ्यांजवळ नेलं. “इथे तर तुमचं लेबल आहे, सर.”

“मग लेबल काढून—”

सल्लागार थांबला. पण तोंडातून बाहेर पडलेला सल्ला परत घेता येत नाही, आणि या सल्ल्याला अक्कल लागत नव्हती, नखं पुरत होती. सभागृहभर कर्र कर्र असा आवाज सुरू झाला. शिंप्याने खिशातून टाके उसवायचं लहान पातं काढलं आणि ते हातोहात फिरायला लागलं. सल्लागाराच्या सगळ्या आयुष्यातल्या सल्ल्यांपैकी लोकांनी जसाच्या तसा पाळलेला हा पहिलाच.

“माझी मुलगी तेव्हा रांगत होती,” पोलीस पाकिटाकडे बघत म्हणाला. “आता ती माझे बूट घालून हिंडते.”

“माझं तर मी नोकरीला लागायच्या आधीचं आहे,” दुसरीकडून आवाज आला.

“आणि मी चिडलेली होते म्हणे!” त्या मघाच्या बाई म्हणाल्या. “आता आहे.”

पोलीस अजून उभाच होता. त्याने आपला उजवा हात उताणा करून बघितला, पालथा करून बघितला. “म्हणजे हाताचं काही नव्हतं,” तो हळूच म्हणाला. ते ऐकून मागच्या ओळीत सल्लागाराच्या बायकोने मान खाली घातली.

सल्लागाराने मदतीसाठी तिच्याकडेच पाहिलं. ते मेट्रनबाईंनी टिपलं. त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. इस्पितळात आवाज चढवायची गरज त्यांना कधी पडली नव्हती.

“सर, तुमच्या कुंड्यांतलं बी कुठलं?”

“दुकानातलंच,” सल्लागार म्हणाला.

“मागच्या रांगेतलं,” बायको म्हणाली. तिच्याकडे सगळे वळले, तशी ती उभी राहिली. “आधी दोनदा पुढच्या रांगेतलं पेरलं होतं. यांचंही नाही आलं.”

“पण वाढवलं त्यांनीच? तुम्ही नाही?”

“मी हात लावला नाही. सगळं त्यांनीच केलं. खोटं कशाला बोलू?”

“आणि याआधी? याआधी यांनी कधी बी पेरलं होतं?”

सल्लागाराने तिच्याकडे असं बघितलं, जसं बुडणारा माणूस काठाकडे बघतो. तिच्या मनात काय आलं ते तिचं तिलाच ठाऊक.

“कधीच नाही,” ती म्हणाली. “जन्मात नाही.”

मेट्रनबाईंनी नियमांचा कागद चष्म्यासमोर धरला. “आयुष्यात पहिल्यांदा बी पेरणारा, किंवा पेरूनही ज्याला कधी फूल आलं नाही, तो नवशिका. नवशिक्यांत ज्याची फुलं सर्वांत चांगली, त्याला पहिलं बक्षीस. फुलं आहेत फक्त यांचीच.” त्यांनी मान वर केली. “मात्र स्पर्धकाला परीक्षकाच्या खुर्चीत बसता येणार नाही. काय करताय, सर? तुम्ही ठरवा. नवशिके असाल तर इकडे या. नसाल, तर या सगळ्यांना सांगा, जाणत्या माणसानं हे बी त्यांना का विकलं.”

सल्लागाराने खुर्चीचे हात धरले. एका बाजूला खुर्ची होती, आणि तिच्यात बसून राहायचं तर आपल्याला सगळं माहीत होतं असं कबूल करावं लागणार होतं. दुसऱ्या बाजूला त्याला काहीच माहीत नव्हतं हे कबूल करायचं होतं. दोन्ही अर्धं अर्धं खरं होतं. पण अर्ध्याला बक्षीस नव्हतं.

तो उठला. बिल्ला काढायला गेला तर त्याची टाचणी कोटात अडकली. शिंपी वर आला आणि त्याने ती मुकाट्याने सोडवून दिली. त्या दिवशी शिंपी काही बोलला नाही, हे सल्लागाराला सगळ्यांत जास्त लागलं.

मेट्रनबाईंनी प्रमाणपत्रावर शाईने लिहिलं, ‘नवशिका, प्रथम क्रमांक’, आणि त्याच्या हातात दिलं. टाळ्या झाल्या. त्या बक्षिसाला होत्या की खुर्ची रिकामी झाल्याला, हे त्याला ओळखता आलं नाही. सवयीप्रमाणे त्याची मान मात्र हलली.

कागद छातीशी धरून तो व्यासपीठावरून उतरायला लागला. दुसरं बक्षीस घ्यायला एका खुरट्या झिनियाच्या मालकीण बाई त्याच वेळी वर चढत होत्या.

“जपून हं,” सल्लागार म्हणाला, “ही पायरी उंच आहे.”

बाई थांबल्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग वाकून पायरीकडे नीट बघितलं, आणि पायाने चाचपून खात्री झाल्यावरच त्या वर चढल्या.